बट्टा कोणाच्या माथी?

परदेशात गेलेल्या माणसाने पैसे कोणत्या रीतीने चुकते करावेत, रोखीने, कार्डाने की मोबाइलवरून, हा प्रश्न समाजवादी साप्ताहिकाने चर्चेला घ्यावा याचे काही कार्यकर्त्यांना नवल वाटेल. ज्याला विमानाचे तिकीट परवडते त्याला चार पैसे अधिक पडले म्हणून समाजवाद्यांनी का हळहळावे, असा त्यांचा सवाल असतो. सवाल वरवर बिनतोड दिसतो. परंतु तो ज्या चित्रावर उभा आहे ते चित्र जुने झाले आहे. परदेशी जाणारा म्हणजे कारखानदार, बडा सनदी अधिकारी किंवा शिष्टमंडळातला मंत्री, हे समीकरण एके काळी खरे होते. आज ते खरे राहिलेले नाही.

बुलडाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रमासारखे एखादे गाव डोळ्यांपुढे आणावे. अशा गावातून आणि त्याच्या पंचक्रोशीतून आज परदेशी कोण जाते? जन्मभराची पुंजी गाठीला बांधून हजला निघालेले वृद्ध जोडपे जाते. बोधगया, सारनाथ, कुशीनगर करून लुंबिनीला माथा टेकवणारे बौद्ध यात्रेकरू जातात. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर, किंवा शेत तारण ठेवून काढलेल्या कर्जावर, एखादी मुलगी शिकायला जाते. आखातात मजुरीला तरुण जातो. आणि नातवंडाचे तोंड पाहावे म्हणून साठाव्या वर्षी पासपोर्ट काढलेली आई जाते, जिने त्यापूर्वी मुंबईदेखील धड पाहिलेली नसते. यांपैकी कोणालाही भांडवलदार म्हणता येणार नाही. आणि परक्या मुलुखात पैसे देताना सर्वांत अधिक नाडला जातो तो यांच्यापैकीच कोणीतरी. कारखानदाराला हिशेबनीस असतो, बँकेचा अधिकारी त्याच्या दारी येतो, शुल्क माफ असलेले भारी कार्ड त्याच्या खिशात असते. ज्याच्याजवळ यांतले काहीच नाही त्याच्या माथी बट्टा बसतो.

बट्टा हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. एका चलनाचे दुसरे चलन करून देताना सराफ जी कसर कापून घेई तिला आपल्या लोकांनी दिलेले हे नाव. नावाला बट्टा लागला असे जे आपण म्हणतो, तेही याच व्यवहारातून आलेले. ज्या समाजाने नाणे बदलण्याच्या कसरीचा शब्द कलंकासाठी वापरला, त्या समाजाला हा व्यवहार किती बोचला असेल याची कल्पना करावी.

हद्दीवरचा अनुभव

हिवरा आश्रमाच्या परिसराला ही बोच नवी नाही. हा भाग वऱ्हाडातला. वऱ्हाडचा कारभार १८५३ च्या तहाने इंग्रजांकडे गेला आणि तेथे इंग्रजी रुपया चालू लागला. लोणार ओलांडून मंठा-जालन्याच्या बाजूला उतरले की निजामाची हद्द, आणि तेथे निजामाचे स्वतःचे चलन, हाली शिक्का. इंग्रजी रुपयाला लोक कलदार म्हणत. साधारण ७ हाली म्हणजे ६ कलदार असा दर धरला जाई. सोयरीक, बाजारहाट, देवदर्शन, सारे हद्दीच्या दोन्ही अंगांना पसरलेले. भाषा एक, पीकपाणी एक, माणसे एक. परंतु खिशातला रुपया दोन कोसांवर परका होई. बैल विकून परतणाऱ्या शेतकऱ्याला सराफाच्या ओट्यावर बसून हाताच्या बोटांवर ७ आणि ६ चा मेळ घालावा लागे, आणि तो मेळ सराफाला त्याच्याहून चांगला येत असे.

हैदराबाद संस्थान १९४८ साली भारतात विलीन झाले आणि १९५० च्या दशकात हाली शिक्का चलनातून गेला. येथे हे ध्यानात ठेवावे की त्या हद्दीवरचा बट्टा शेतकरी हुशार झाला म्हणून संपला नाही. सराफांत चढाओढ लागून तो उतरत उतरत नाहीसा झाला असेही नाही. सार्वजनिक सत्तेने एक चलन केले आणि त्या व्यवहाराचा पायाच काढून घेतला, म्हणून तो संपला. परदेशप्रवासाच्या बाबतीत साऱ्या जगाचे एक चलन होणे आज शक्य नाही, हे उघड आहे. पण शिकवण तीच आहे. जो बट्टा व्यवस्थेतून उत्पन्न होतो तो एकेकट्या ग्राहकाच्या चलाखीने जात नाही.

१८९३ चे एक हिशेबपत्र

शुकदास महाराजांनी हिवऱ्यात जो आश्रम उभा केला तो विवेकानंदांच्या नावाने. दर वर्षी विवेकानंद जयंतीच्या उत्सवात तेथे लाखो माणसे पुरी आणि वांग्याच्या भाजीचा प्रसाद घेण्यासाठी पंगतीला बसतात. ट्रॅक्टरमधून वाढप होते आणि कोणाच्याही पानात जातीमुळे वा ऐपतीमुळे फरक पडत नाही. विवेकानंदांचे शिकागोचे भाषण या पंगतीतल्या बहुतेकांना ठाऊक असते. त्या प्रवासात त्यांची पैशाने केलेली कोंडी मात्र फार थोड्यांना ठाऊक असेल.

३१ मे १८९३ रोजी विवेकानंद मुंबईहून निघाले. मद्रासच्या आलासिंगा पेरुमल आदी शिष्यांनी वर्गणी जमवून त्यांना १७० पौंडांच्या नोटा आणि ९ पौंड रोख दिले होते. २० ऑगस्ट १८९३ रोजी आलासिंगांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी या पैशाचा हिशेब दिला आहे. सगळे मिळून १३० पौंड उरले होते आणि दिवसाला सरासरी १ पौंड खर्च होत होता. सर्वधर्म परिषद भरायला तीन आठवडे अवकाश होता. शिकागोचा खर्च झेपेना म्हणून ते बॉस्टनच्या बाजूला येऊन राहिले होते.

या हिशेबाच्या पाठीमागे अर्थशास्त्राची एक मोठी गोष्ट दडलेली आहे. १८७३ च्या सुमारास रुपयाला जवळजवळ २ शिलिंग मिळत, म्हणजे १० रुपयांना १ पौंड. रुपया चांदीचा होता आणि जगात चांदी स्वस्त होत गेली, तसा तो घसरत १८९२-९३ मध्ये सुमारे १५ पेन्सवर आला. १ पौंड म्हणजे २४० पेन्स. तेव्हा पौंडाला १६ रुपये पडू लागले. जे १७० पौंड वीस वर्षांपूर्वी १,७०० रुपयांत आले असते त्यांना आता सुमारे २,७२० रुपये मोजावे लागत होते. मद्रासच्या मध्यमवर्गीय घरांतून गोळा झालेल्या वर्गणीतला हजारभर रुपयांचा भाग हुंडणावळीच्या घसरणीने असा गिळला. आणि विवेकानंद समुद्रावर असतानाच, २६ जून १८९३ रोजी, हिंदुस्थान सरकारने लोकांची चांदी घेऊन रुपये पाडून देणाऱ्या टांकसाळी बंद केल्या. हा निर्णय घेताना सरकारपुढे लंडनला पाठवायच्या रकमांची चिंता होती. वर्गणी देणाऱ्या मद्रासच्या कारकुनाला कोणी विचारले नव्हते.

हा सारा इतिहास ज्या पुस्तकात सांगोपांग तपासला गेला ते पुस्तक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा त्यांचा प्रबंध १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. रुपयाचा दर हा सावकार-सराफांच्या गुप्त विद्येचा विषय नव्हे; त्यात कोणाचा लाभ होतो आणि कोणाची हानी होते हे तपासणे हा लोकांचा हक्क आहे, ही दृष्टी त्या पुस्तकाने दिली. लुंबिनीच्या वाटेवर नोट मोडताना नाडल्या जाणाऱ्या यात्रेकरूच्या घरात ज्यांची तसबीर असते, त्यांनीच हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी विचारला होता, याची जाणीव कार्यकर्त्यांना असली पाहिजे.

आजचा बट्टा कसा कापला जातो

जुना सराफ समोर बसे आणि त्याची कसर निदान दिसे. आजची कसर चार जागी लपलेली असते.

पहिली जागा दराची. विमानतळावरच्या खिडकीवर ‘कमिशन शून्य’ अशी पाटी झळकते. कमिशन खरोखरच शून्य असते. कसर दरात मुरवलेली असते. उदाहरणादाखल धरू की एखाद्या परकीय नाण्याचा बाजारातला दर १०० रुपये आहे. खिडकी ते प्रवाशाला १०४ ला विकते आणि उरलेले नाणे परत घेताना ९६ देते. १०,००० रुपयांचे चलन घेऊन ते न वापरता तसेच परत केले तरी ७७० रुपये गेले, आणि पावतीवर कमिशन शून्यच.

दुसरी जागा कार्डाची. अनेक बँका परदेशात केलेल्या खर्चावर शेकडा ३.५ पर्यंत अधिभार लावतात आणि त्या अधिभारावर १८ टक्के वस्तू व सेवा कर असतो. म्हणजे १ लाख रुपयांच्या खर्चामागे ३,५०० आणि ६३०, एकूण ४,१३० रुपये. मेहकरच्या बाजारात सोयाबीन विकणाऱ्या शेतकऱ्याला पोत्यामागे इतकी कसर कापली तर तो आडत्याशी भांडेल. येथे भांडायला समोर कोणी नसते. महिन्याच्या हिशेबपत्रातली ती एक बारीक ओळ असते.

तिसरी जागा सर्वांत मानभावी. परदेशी दुकानात कार्ड यंत्राला लावले की पडदा विचारतो, ‘रुपयांत द्यायचे की येथल्या चलनात?’ घरच्या आठवणीने व्याकूळ झालेली आई रुपयांवर बोट ठेवते; ओळखीचा आकडा दिसल्याने तिला हायसे वाटते. पण तो आकडा दुकानदाराच्या यंत्रामागे बसलेल्या मध्यस्थाने स्वतःच्या दराने काढलेला असतो आणि तो दर बहुधा बँकेच्या दरापेक्षा पुष्कळ महाग असतो. त्यावर काही बँका परदेशातील रुपयांच्या व्यवहाराचे निराळे शुल्कही लावतात. आपुलकीच्या रूपात आलेली ही सोय म्हणजे दुहेरी बट्टा होय.

चौथी जागा अडचणीची. रोकड संपली म्हणून क्रेडिट कार्डाने यंत्रातून पैसे काढले की रोख काढण्याचे शुल्क आणि पहिल्या दिवसापासूनचे व्याज, शिवाय हुंडणावळीची कसर. डेबिट कार्डाने काढले तर दर खेपेला ठरावीक शुल्क, आणि ज्या यंत्रातून काढले त्या यंत्राच्या मालकाचे वेगळे. शुल्क ठरावीक असल्याने जो थोडे थोडे काढतो त्याला ते जड पडते. थोडे थोडे कोण काढतो हे सांगायला नको.

या चारही जागा एकत्र पाहिल्या की एक गोष्ट स्पष्ट होते. हा बट्टा अज्ञानावर आणि अडचणीवर बसवलेला कर आहे. तो कोणत्याही विधिमंडळाने मंजूर केलेला नाही, आणि त्याचा दर गरिबाला चढा व श्रीमंताला उतरता असतो.

नियंत्रण गेले, न्याय आला नाही

येथे समाजवाद्यांनी आपल्या परंपरेबद्दलही प्रामाणिक असले पाहिजे. साठ-सत्तरच्या दशकांत भारतीय प्रवाशाला अवघे ८ डॉलर घेऊन निघावे लागे. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने तर चलनाचा गुन्हा फौजदारी केला. देशाजवळ परकीय चलनाची टंचाई होती आणि काही नियंत्रण अटळ होते, हे खरे. पण त्या नियंत्रणाचा जाच सोसला तो शिष्यवृत्तीवर गेलेल्या विद्यार्थ्याने. बड्यांसाठी हवाल्याची वाट उघडीच होती. त्या काळाबद्दल हळवे होण्याचे कारण नाही.

पुढे १९९९ चा नवा कायदा झाला आणि तो जून २००० पासून अंमलात आला. २००४ साली रिझर्व्ह बँकेने व्यक्तीला वर्षाला २५,००० डॉलर बाहेर पाठवण्याची मोकळीक दिली; ती मर्यादा २०१५ मध्ये अडीच लाख डॉलरवर गेली. दार उघडले, हे चांगले झाले. पण आत येणाऱ्याला दर कोण सांगणार, त्याची फसवणूक कोण थांबवणार, याचा विचार दार उघडणाऱ्यांनी केला नाही. अडीच लाख डॉलरची मोकळीक हिवऱ्यातल्या यात्रेकरूच्या काय कामाची? त्याला हवे आहेत ते दोन हजार रियाल, योग्य दराने.

कराच्या बाबतीत तर हा भेद उघडा पडला. १ ऑक्टोबर २०२० पासून परदेश सहलीच्या पॅकेजवर, ते उमऱ्याचे असो की लुंबिनीचे, पहिल्या रुपयापासून ५ टक्के रक्कम आगाऊ कर म्हणून गोळा होऊ लागली. २०२३ च्या मे महिन्यात केंद्र सरकारने परदेशातील क्रेडिट कार्डाचा खर्चही अशा करवसुलीच्या कक्षेत आणण्याची अधिसूचना काढली. त्याबरोबर कार्डधारी वर्गात असा गहजब झाला की २८ जूनला सरकारने ती बाजू तहकूब केली. पॅकेज घेणाऱ्या यात्रेकरूसाठी मात्र कोणी गहजब केला नाही. हा कर विवरणपत्र भरून परत मागता येतो हे खरे; पण ज्याने जन्मात विवरणपत्र भरलेले नाही अशा शेतकऱ्याला तो परत कसा मिळणार? पॅकेजवरील हा दर २ टक्क्यांवर आणण्याचे ठरले ते २०२६ च्या अर्थसंकल्पात. ज्यांचा आवाज मोठा त्यांना सहा आठवड्यांत दिलासा, ज्यांना आवाज नाही त्यांना साडेपाच वर्षांनी. वर्गीय राजकारण म्हणजे काय हे नव्या कार्यकर्त्याला समजावून सांगायला याहून सोपे उदाहरण सापडणार नाही.

‘स्पर्धा सगळे ठीक करील’

बाजारवादी मंडळींचे उत्तर ठरलेले आहे. नव्या कंपन्या येत आहेत, अधिभार नसलेली कार्डे निघाली आहेत, स्पर्धेने दर आपोआप उतरतील, सरकारने मध्ये पडू नये. यात अर्धे तथ्य आहे. स्पर्धेने काही कार्डे खरोखर स्वस्त झाली आहेत. पण स्पर्धा काम करते ती किंमत दिसते तेथे. भाजीबाजारात वांग्याचा भाव कानावर पडतो म्हणून गिऱ्हाईक पुढच्या दुकानी जाते. जेथे किंमत दरात मुरलेली असते आणि ती महिन्याने कळते, तेथे गिऱ्हाईक कोणत्या आधारावर निवड करणार? अशा बाजारात प्रामाणिक विक्रेताच मागे पडतो, कारण ‘कमिशन शून्य’ म्हणणाऱ्यापुढे ‘कमिशन १ टक्का’ म्हणणारा महाग वाटतो.

युरोपीय संघ काही समाजवादी राष्ट्रांचा संघ नव्हे. पण त्याने २०१९ मध्ये नियम केला आणि एप्रिल २०२० पासून असे बंधन घातले की कार्डाच्या व्यवहारात घरच्या चलनात आकडा दाखवायचा तर युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दरापेक्षा तो शेकडा किती महाग आहे, हे ग्राहकाला आधी सांगितले पाहिजे. म्हणजे किंमत उघडी करणे अशक्य नाही. इच्छाशक्तीचा प्रश्न आहे.

दुसरा मुद्दा मालकीचा. कार्डांची जगभरची मोठी जाळी दोन-तीन अमेरिकी कंपन्यांच्या हाती आहेत. मार्च २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धानंतर त्यांनी रशियातले व्यवहार थांबवले आणि परदेशात असलेल्या सामान्य रशियनांच्या खिशातली रशियन बँकांची कार्डे एका रात्रीत निरुपयोगी झाली. युद्धाचा दोष कोणाचा हा प्रश्न वेगळा. पण पैशाचा रस्ता ज्याच्या मालकीचा त्याच्या हाती अडसर असतो, हे त्या घटनेने दाखवले.

भारताजवळ या बाबतीत एक जमेची बाजू आहे आणि तिचे श्रेय नाकारण्याचा कोतेपणा करू नये. राष्ट्रीय देयक निगम ही २००८ साली स्थापन झालेली, नफ्यासाठी नसलेली संस्था. तिचे रुपे कार्ड २०१२ मध्ये आले, यूपीआय २०१६ मध्ये. भूतानमध्ये यूपीआय २०२१ पासून, तर फ्रान्स, श्रीलंका, मॉरिशस आणि नेपाळ येथे २०२४ पासून काही ठिकाणी चालू लागले. या व्यवहारात पिन टाकण्यापूर्वी रुपयांतली रक्कम पडद्यावर दिसते. जे येथे शक्य झाले ते प्रत्येक बँकेच्या प्रत्येक कार्डाला का शक्य होऊ नये? त्याचप्रमाणे किरकोळ ग्राहकाला घाऊक बाजाराच्या जवळचा दर मिळावा म्हणून २०१९ च्या ऑगस्टमध्ये भारतीय समाशोधन निगमाचा एफएक्स-रिटेल हा मंच सुरू झाला, आणि २०२५ मध्ये तो भारत कनेक्टला जोडण्यास आरंभ झाला. मंच सार्वजनिक हिताचा आहे. परंतु तालुक्याच्या बँकशाखेत त्याची मराठी पाटी लागलेली नसेल, तर यात्रेकरूच्या दृष्टीने तो नसल्यासारखाच.

मग आज काय करावे?

व्यवस्था बदलेपर्यंत लोकांनी नाडले जावे असे म्हणणे हा क्रांतिकारकपणा नव्हे. सहकारी चळवळीने सावकारी कायद्याची वाट न पाहता पतपेढ्या काढल्या. तशी येथेही काही साधी पथ्ये कार्यकर्त्यांनी घरोघर सांगितली पाहिजेत.

परदेशी यंत्राने रुपयांत देऊ का असे विचारले तर उत्तर एकच, नाही. तेथल्याच चलनात द्यावे. हे एक वाक्य पाठ करून घेतले तरी मोठा बट्टा वाचेल.

एकाच साधनावर विसंबू नये. थोडी रोकड, एक प्रवासी कार्ड किंवा कमी अधिभाराचे कार्ड, आणि ते हरवल्यास दुसरे, वेगळ्या पिशवीत. निघण्यापूर्वी बँकेकडून परदेशी वापर सुरू करून घ्यावा आणि अधिभार किती हे लेखी विचारावे. प्रवासी कार्डात ज्या देशाला जायचे त्याच देशाचे चलन भरावे. डॉलर भरून रियाल वा युरो खर्च केले की दुसरा बट्टा बसतो.

हजला जाणाऱ्यांनी विशेष सावध राहावे. पूर्वी हज समिती प्रत्येक यात्रेकरूला निघताना २,१०० रियाल देत असे. २०२३ पासून ती सक्ती गेली आणि चलनाची तजवीज यात्रेकरूवर आली. स्वातंत्र्य मिळाले, तशी फसगतीची वाटही उघडली. रुपयांचे डॉलर आणि डॉलरचे रियाल असा द्राविडी प्राणायाम करू नये. १९८६ पासून १ डॉलरला ३.७५ रियाल असा स्थिर दर आहे, तेव्हा डॉलर जवळ बाळगून काही नफा व्हायचा नाही. दोनदा कसर मात्र जाईल. सरळ रियाल घ्यावेत.

लुंबिनीला जाणाऱ्यांनी १.६० हा आकडा लक्षात ठेवावा. १९९३ पासून १०० भारतीय रुपयांना १६० नेपाळी रुपये हा दर बांधलेला आहे. कोणी १५० दिले तर शेकडा ६.२५ बट्टा कापला असे समजावे. नोटांच्या बाबतीत २०१६ च्या नोटबंदीने पोळलेल्या नेपाळने डिसेंबर २०१८ मध्ये १०० हून मोठ्या भारतीय नोटांना मनाई केली होती. या नियमांत फेरबदल होत असतात. म्हणून निघताना चालू नियम विचारून घ्यावा आणि १०० च्या नोटा जवळ ठेवाव्यात, त्यांना अडचण येत नाही.

परकीय चलन अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावे आणि पावती सांभाळावी. ५०,००० रुपयांपर्यंतचेच चलन रोख रुपये देऊन घेता येते, त्यापुढे बँकेमार्फत पैसे द्यावे लागतात. बहुतेक देशांसाठी एका खेपेला ३,००० डॉलरपर्यंतच परकीय नोटा नेता येतात, बाकीचे कार्डात. परतल्यावर २,००० डॉलरहून अधिक उरलेले चलन १८० दिवसांच्या आत परत करावे लागते. मिळणारा दर हातात घेण्यापूर्वी त्या दिवसाच्या बाजारदराशी ताडून पाहावा आणि विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा, ‘सगळे धरून मला किती रुपये द्यायचे आणि किती चलन हातात पडणार?’

मागण्या

पथ्ये सांगून भागणार नाही. जो प्रश्न व्यवस्थेचा आहे तो संघटनेने मांडला पाहिजे. चार मागण्या पुरे आहेत. पहिली, परकीय चलनाच्या प्रत्येक व्यवहारात त्या दिवसाच्या संदर्भ-दरापेक्षा ग्राहकाने किती रुपये अधिक दिले, हा एकच आकडा पावतीवर मराठीत छापण्याचे बंधन असावे. दुसरी, भारतीय बँकांनी परदेशात रुपयांत होणारे कार्डाचे व्यवहार मुळातच बंद ठेवावेत. ज्याला ते हवे असतील त्याने मागून घ्यावेत. तिसरी, सार्वजनिक क्षेत्रातल्या बँकांनी यात्रेकरू आणि शिष्यवृत्तीधारक विद्यार्थ्यांना अधिभाराविना रुपे कार्ड द्यावे. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले ते त्यांनी खासगी बँकांच्या अधिभाराची नक्कल करावी म्हणून नव्हे. चौथी, तालुक्याच्या ठिकाणी निदान एका बँकशाखेत किंवा टपाल कार्यालयात परकीय चलनाची खिडकी असावी. समृद्धी महामार्गाने मेहकरहून मुंबईला काही तासांत पोचता येते. रियालसाठी मात्र गावकऱ्याने शहरातल्या दलालाच्या पायऱ्या चढाव्यात, हे विकासाचे कोणते लक्षण?

या मागण्या क्षुल्लक आहेत असे कोणी म्हणेल. समाजवाद भव्य प्रश्नांचा असतो, शेकडा साडेतीनचा नव्हे, असाही शेरा ऐकू येईल. पण ज्यांच्यासाठी समाजवाद आहे त्यांचे आयुष्य शेकडा साडेतीननेच पोखरले जाते. आडत्याची कसर, हमालीची कपात, सावकाराचे व्याज, रास्त दुकानातले मारलेले माप, या साऱ्या क्षुल्लक गोष्टींविरुद्ध लढूनच चळवळ गावोगाव पोचली. गावचा माणूस आता समुद्रापलीकडे जातो आहे आणि ती कसर त्याच्या मागोमाग तेथवर पोचली आहे. चळवळीने मात्र विमानतळाच्या दाराशी थांबावे, असे कोठे लिहिले आहे? विद्यापीठात दाखल होणारी मुलगी, लुंबिनीच्या अशोकस्तंभापुढे हात जोडणारा शेतमजूर आणि मक्केत पाण्याची बाटली घेणारी म्हातारी, हे तिघेही परदेशात आपल्या श्रमाचाच पैसा मोजत असतात. त्या श्रमाला कोण किती बट्टा लावतो याचा जाब विचारणे हे चळवळीचे जुनेच काम आहे, आणि ते कोणत्याही हद्दीपाशी संपत नाही.